मुडदा पडल्यावर हसायचं कुठे?

विचारणाऱ्या ताईंच्या घरी तीन माणसं: त्या, नवरा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. दिवाळीत मोठा टीव्ही घेतला. आता दर शनिवारी रात्री, जेवणं उरकून ओटा आवरला की एक परदेशी क्राईम पिक्चर लावायचा, असा बेत आहे. अट एकच, नुसता रक्ताचा सडा नको, हसूही आलं पाहिजे. पहिल्याच शनिवारी पंचाईत झाली. ‘ब्लॅक कॉमेडी’, म्हणजे भयाण गोष्टींतून हसवणारा प्रकार, म्हणून जे लावलं ते बघताना सासूबाई अर्ध्या तासात उठून आत गेल्या आणि नवरा म्हणाला, “यात हसायचं कुठे होतं?” तर सुरुवात कशानं करावी, डब केलेलं बघावं की सबटायटल लावून, आणि सासूबाईंना बरोबर बसवावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी बावीस वर्षं सबटायटलं लिहितेय. निम्मं काम रटाळ असतं, खतांच्या माहितीपटांपासून योगासनांपर्यंत. पण काळ्या विनोदाचा क्राईम पिक्चर आला की मी पैसे न विचारता घेते. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी नवऱ्याच्या प्रश्नाचं बघू, कारण तो रास्त आहे. या सिनेमांत खून विनोदी नसतो. खून झाल्यावर माणसं ज्या गांभीर्यानं आपापली बारीकसारीक कामं करत राहतात, ते विनोदी असतं. ‘अंधाधुन’ (२०१८) तुम्ही पाहिलाच असेल, आपल्या पुण्यातच घडतो. आंधळ्याचं सोंग घेतलेला आयुष्मान खुराना पियानो वाजवतोय, त्याच्यासमोर नवऱ्याचं प्रेत पडलंय आणि तब्बू आणि तिचा यार एकमेकांना खुणा करत, पाय न वाजवता आवराआवर करताहेत. पाहुणे यायच्या आधी हॉल आवरतात तसं. वाजवणाऱ्याला सगळं दिसतंय आणि बोटं थांबवून चालणार नाही. तिथे यजमानांना हसू आलं असेल तर त्यांना या प्रकाराची गोडी आहे, फक्त परदेशी माल चुकीचा निवडला गेला. श्रीराम राघवननी हे बीज घेतलं एका फ्रेंच लघुपटावरून, ऑलिव्हिए त्रेनेरच्या ‘लाकोर्दर’वरून. आंधळं असल्याचं भासवणारा पियानो लावणारा माणूस, एवढीच त्याची गोष्ट. जेमतेम पंधरा मिनिटांची.

आता सासूबाई. त्यांना बसवावं का, हा प्रश्नच मी उलटा करते: पहिला सिनेमा त्यांच्यासाठीच लावा. ‘द लेडीकिलर्स’, १९५५ सालचा, लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. (याच नावाचा २००४ चा अमेरिकी रिमेकही आहे, तो नको. बनवणारे कोएन बंधूच, ज्यांचं कौतुक मी पुढे करणार आहे, पण हा त्यांचा पडलेला दिवस.) किंग्ज क्रॉस स्टेशनला लागून एका वाकड्या झालेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स नावाच्या म्हाताऱ्या विधवाबाई पोपट पाळून राहतात. त्यांची वरची खोली एक प्रोफेसर भाड्यानं घेतो. त्याच्या खोलीवर चार मित्र जमतात, हातात व्हायोलिन-चेलोच्या पेट्या. बाईंना वाटतं, संगीताचा सराव चाललाय. ग्रामोफोनवर बोक्केरिनीची तबकडी लावून आत दरोड्याचं नियोजन चाललेलं असतं. बाई दर पाच मिनिटांनी दार ठोठावून विचारतात, चहा आणू का?

दरोडा पार पडतो. बाईंना कळतं. आता बाईंना संपवणं भाग आहे, तर पाचजण काड्या ओढतात, कोणी मारायचं ते ठरवायला. आणि कोणालाच ते जमत नाही. त्याआधीचा एक प्रसंग मी किमान वीस वेळा पाहिलाय: बाईंच्या मैत्रिणी चहाला येतात आणि लाखो रुपयांचा माल माडीवर ठेवून हे पाच दरोडेखोर हातात नाजूक कप-बश्या धरून त्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभे राहतात. पळून जाता येत नाही, कारण वाईट दिसेल. आपल्याकडे हळदीकुंकवाला चुकून घरात सापडलेल्या पुरुषाचा चेहरा होतो, अगदी तोच चेहरा अ‍ॅलेक गिनेस, पीटर सेलर्स आणि हर्बर्ट लॉम या तिघांचा एकदम झालेला इथे बघायला मिळतो. मिसेस विल्बरफोर्स झालेल्या केटी जॉन्सन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाच मुडदे पडतात या सिनेमात. सासूबाईंना रक्ताचा थेंबही दिसणार नाही.

त्या खुलल्या तर पुढच्या वेळी त्याच स्टुडिओचा १९४९ चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ लावा. सरदार घराण्यानं आईला वाळीत टाकलं म्हणून एक सभ्य तरुण वारसांच्या रांगेतल्या एकेकाला वाटेतून दूर करतो. त्या घराण्यातली आठ माणसं, त्यात एक बाईसुद्धा, एकट्या अ‍ॅलेक गिनेसनं केलीत. भाषा मात्र फार नटवी आहे, सबटायटल वाचायला दम लागतो.

नवऱ्यासाठी ‘फार्गो’ (१९९६). जोएल आणि ईथन कोएन या भावांचा. हा सिनेमा सुरू होतानाच तुम्हाला टोपी घालतो: ही सत्यकथा आहे, मृतांच्या सन्मानार्थ बाकी सगळं घडलं तसंच दाखवलंय, असं पडद्यावर लिहून येतं. श्रेयनामावली संपेपर्यंत थांबलात तर तळाशी नेहमीचं वाक्य सापडतं की सगळी पात्रं काल्पनिक आहेत. लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्राचा जो कुप्रसिद्ध प्रसंग आहे, तेवढ्याला १९८६ च्या कनेक्टिकटमधल्या एका खऱ्या खुनाचा आधार आहे. बाकी बहुतेक बनाव.

गोष्ट जावयाची आहे. मिनियापोलिसचा जेरी लुंडेगार्ड सासऱ्याच्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करतो, पैशात अडकलाय, आणि सासरा त्याला हिंगलत नाही. म्हणून हा दोन गुंडांना स्वतःच्याच बायकोचं अपहरण करायला सांगतो. गुंडांना सांगतो खंडणी ८० हजार डॉलर, सासऱ्याला सांगतो १० लाख. इतका हिशेबी माणूस आणि इतका बिनडोक.

एक दृश्य जवळून बघा. सासऱ्यानं ऑफिसात त्याचा धंद्याचा प्रस्ताव स्वतःच्या खिशात घालून त्याला बाहेर काढलंय. कॅमेरा खूप उंचावर. पांढऱ्याशुभ्र बर्फात एकच गाडी आणि तिच्याकडे चालत निघालेला एक ठिपका. जेरी गाडीपाशी येतो, काचेवर बर्फ गोठलाय, तो हातातल्या खरवडणीनं काच साफ करायला लागतो. मग त्याचा बांध फुटतो, तो आदळआपट करतो, खरवडणी फेकतो. आणि मग... ती उचलून परत काच खरवडायला लागतो. करणार काय, घरी तर जायचंय. संवाद नाही, एकही विनोद नाही. इथे हसू आलं आणि लगेच स्वतःची थोडी लाज वाटली, की समजा गाडी रुळावर आली.

त्याच्या समोर उभी आहे मार्ज, गावची पोलीसप्रमुख, सात महिन्यांची पोटुशी. पहाटे फोन येतो तर नवरा म्हणतो, अंडी खाऊन जा. बर्फात पडलेल्या प्रेतावर ती वाकते, तिला मळमळतं, ती जरा थांबते, मग सरळ उभी राहून म्हणते, गेलं, आता परत भूक लागली. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

‘फार्गो’वरून डब आणि सबटायटलचा निकाल लावता येईल. मिनेसोटातली ही माणसं एक विशिष्ट हेल काढून बोलतात, प्रत्येक वाक्याला गोड मान डोलावत. खुनाच्या चौकशीतही तोच गोडवा. आपल्याकडे मालवणी माणूस मयताच्या घरी बसून जे बोलतो, त्याचा विनोद शब्दांत नसतो, सुरात असतो, तसंच. मार्ज दोन मुलींना विचारते, तो माणूस कसा होता दिसायला? त्या सांगतात, कसातरीच होता. म्हणजे कसा? म्हणजे... कसातरीच. हे मराठीत लिहिताना मला फारसं काही करावं लागलं नसतं, आपल्याकडे ‘कसातरीच’ तयार आहे. पण डबिंगमध्ये तो सूर जातो आणि उरतो तो नुसता मूर्ख संवाद. तेव्हा सबटायटल, आणि त्यात वाद नाही. सासूबाईंना वाचायला कष्ट पडत असतील तर सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा, मागे काळी पट्टी द्या. बहुतेक ठिकाणी ती सोय असते.

माझ्या धंद्यातली एक खोड सांगते, म्हणजे वाईट सबटायटल ओळखता येईल. सुरुवातीच्या काळात एका छोट्या मंडळाच्या खेळासाठी मी एका आयरिश सिनेमाचे संवाद केले होते. एका पात्राचं लांबलचक वाक्य, शेवटच्या दोन शब्दांत डंख. मी अख्खं वाक्य एकदम पडद्यावर दिलं. लोकांनी वाचलं, हशा पिकला, आणि नट बिचारा अजून वाक्याच्या मध्यावर होता. त्यानं मोठ्या कष्टानं ठेवलेली जागा आली तेव्हा सभागृहात चिडीचूप. त्या दिवसापासून डंख मी पुढच्या सबटायटलला तोडते. तुम्हाला सतत आधी हसू येतंय आणि नट मागून बोलतोय असं वाटलं, तर दोष सिनेमाचा नाही. दुसरीकडे तोच सिनेमा, दुसरी सबटायटलं मिळतात का बघा.

वाहिन्यांवर हे सिनेमे लागले तर मात्र सांभाळून. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा आपल्याकडे वाहिनीवर तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून ‘यूए’ करावा लागतो. मार्टिन मॅकडोनाचा ‘इन ब्रूज’ (२००८) घ्या. लंडनला एक काम बिघडवून आलेले दोन आयरिश सुपारीबाज बेल्जियममधल्या एका चित्रासारख्या जुन्या गावात लपलेत. थोरल्याला, म्हणजे ब्रेंडन ग्लीसनला, चर्च आणि कालवे बघायचेत. धाकटा, कॉलिन फॅरल, सहलीला जबरदस्तीनं आणलेल्या पोरासारखा कंटाळलाय. त्याच्या कंटाळ्यामागे काय आहे ते कळतं तेव्हा घशात आवंढा येतो. त्यांचं सगळं बोलणं शिवराळ आहे, आणि शिव्यांनाच लय आहे. तिथे बीप वाजला की ढोलकीचा ठेका काढून टाकून लावणी ऐकल्यासारखं होतं. हा सासूबाई झोपल्यावर.

नॉर्वेकडे वळताना एक गोंधळ टाळा. हान्स पेटर मोलांडचा २०१४ चा सिनेमा आहे ‘क्राफ्टइडिओटेन’, इंग्रजीत तो ‘इन ऑर्डर ऑफ डिसअपिअरन्स’ नावानं मिळतो. त्याच दिग्दर्शकानं २०१९ मध्ये लियम नीसनला घेऊन ‘कोल्ड पर्स्युट’ नावानं तो अमेरिकेत परत केला. शोधायला गेलं की बहुतेकदा दुसराच पुढे येतो. पहिलाच बघा. रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर चालवणारा एक सरळमार्गी माणूस, नुकताच गावानं त्याचा सत्कार केलाय. त्याच्या मुलाला ड्रगवाले मारतात आणि हा एकेकाला गाठायला निघतो. स्टेलान स्कार्सगार्ड हे सगळं ज्या चेहऱ्यानं करतो तो चेहरा म्हणजे आज रस्ता क्रमांक अमुक साफ करायचाय, एवढाच. प्रत्येक मरणानंतर पडदा काळा होतो, त्यावर मेलेल्याचं नाव आणि त्याच्या धर्माप्रमाणे खूण. निधनवार्तेचं पान जणू. सुरुवातीला दचकायला होतं, मग तुम्ही त्या पाटीची वाट बघायला लागता, आणि शेवटी नावं इतकी होतात की एका पाटीवर गर्दी होते. यातला मोठा गुंड कट्टर शाकाहारी असून घटस्फोटित बायकोशी मुलाच्या खाण्यावरून भांडतो. सर्बियन टोळीतली पोरं नॉर्वेच्या तुरुंगांचं कौतुक करतात: जेवण चांगलं, पहारेकरी चांगले, दातसुद्धा बघतात.

डेन्मार्कचा ‘रायडर्स ऑफ जस्टिस’ (२०२०) याच घरातला, पण मायाळू. रेल्वे अपघातात बायको गेलेला सैनिक आणि तो अपघात नव्हताच असं आकडेमोडीनं सिद्ध करणारे तीन विक्षिप्त गणिती. गणित कुठे फसतं ते सांगत नाही.

नॉर्वेचाच ‘हेडहंटर्स’ (२०११) वेगवान आहे, पण त्यात संडासाच्या खड्ड्यातलं एक दृश्य आहे. जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलं नाही, पण ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय, तो सिनेमा. कोरियाच्या बाँग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३). ह्वासाँग नावाच्या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ मध्ये दहा बायका-मुलींचे खून झाले, त्यावर बेतलेला. पहिला अर्धा तास तुम्ही पोटभर हसाल. भातखाचराच्या कडेला प्रेत सापडलंय, बघ्यांची जत्रा भरलीय, पोलीस घसरून पडताहेत, पावलाचा एकमेव ठसा जपून ठेवलाय तर त्यावरून ट्रॅक्टर जातो. जागेवर एकही केस सापडत नाही म्हणून डिटेक्टिव्ह न्हाणीघरात जाऊन अंगावर केस नसलेला माणूस शोधत बसतो. नुसते डोळे बघून मी गुन्हेगार ओळखतो, अशी त्याची शेखी. तेव्हा साहेब दोन पोरांकडे बोट दाखवून विचारतो: त्यातला एक बलात्कारी आहे आणि दुसरा मुलीचा भाऊ, ओळख बरं. डिटेक्टिव्ह झालेला साँग कांग-हो दोघांकडे टक लावून बघतो, आपणही बघतो. उत्तर सिनेमा देत नाही.

थर्ड डिग्री देऊन कबुलीजबाब घेण्याच्या प्रसंगांवरही हसवलंय, आणि इथे हसू हळूहळू घशात अडकायला लागतं. खरा गुन्हेगार सापडला २०१९ मध्ये, डीएनएवरून. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीपासूनच तुरुंगात होता. खटल्याची मुदत केव्हाच संपलेली. त्यातल्या एका खुनासाठी भलताच एक माणूस वीस वर्षं तुरुंगात काढून आला होता, त्याचाही जबाब मारहाण करूनच घेतलेला. २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात साँग कांग-हो सरळ कॅमेऱ्यात बघतो, म्हणजे प्रेक्षकांत. खुनी कधीतरी हे बघायला बसेल, असं बाँगच्या मनात होतं. तो बसला होताही. तुरुंगात सिनेमा पाहिला, काही वाटलं नाही, असं त्यानं पुढे कोर्टात सांगितलं.

हा लगेच लावू नका. तीन-चार शनिवार जाऊ द्या. आणि मध्येच चहाला उठू नका, हसण्याचं पाणी कुठे आटलं ते कळायला सलग बसावं लागतं.

त्याच्या नंतरच्या आठवड्यात उतारा म्हणून अर्जेंटिनाचा ‘वाइल्ड टेल्स’ (२०१४), दामियान सिफ्रोनचा. सहा सुट्या गोष्टी, त्यामुळे कुणाचा फोन आला तरी बिघडत नाही. यजमानांची गाडी कधी टोईंगवाल्यांनी उचलली असेल तर चौथी गोष्ट त्यांचीच. रिकार्दो दारिन स्फोटानं इमारती पाडणारा इंजिनिअर; मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला थांबतो आणि बाहेर येतो तर गाडी गायब. कडेला पिवळा पट्टाच नव्हता, हे तो दंडाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला समजावत राहतो. आधी पैसे भरा, मग तक्रार करा. पुढचं तुम्ही बघा. मात्र पहिली गोष्ट विमानातली आहे, विमानप्रवासाला घाबरणारं कुणी असेल तर ती सोडून द्या. २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जचं विमान वैमानिकानं आल्प्समध्ये आदळवलं, त्याच आठवड्यात हा इंग्लंडमध्ये लागला होता आणि थिएटरवाल्यांना सूचना लावाव्या लागल्या होत्या.

इटलीचा ‘इ सोलिती इन्योती’ (१९५८) सासूबाईंबरोबर चालेल. भुरट्या चोरांची टोळी रात्रभर भिंत फोडते, ती निघते त्याच घराच्या स्वयंपाकघराची, मग पातेल्यातला हरभऱ्याचा पास्ता खाऊन घरी जातात. टोळीतल्या एकाची, म्हणजे मास्त्रोयानी या नटाची, बायको तुरुंगात असल्यामुळे तो चोरीच्या तयारीलाही कडेवर पोर घेऊन फिरतो. जपानचा ‘मिन्बो’ (१९९२) मिळाला तर सोडू नका: याकुझा, म्हणजे तिकडच्या गुंडटोळ्यांच्या लोकांना न घाबरता हॉटेलातून कसं घालवायचं, हे एक वकीलबाई शिकवतात. याकुझांना विनोद झोंबला, सिनेमा लागल्यावर काही दिवसांतच त्यांनी दिग्दर्शक जुझो इतामींचा चेहरा घराबाहेर चाकूनं फाडला. ते वाचले.

बेल्जियमचा ‘मॅन बाइट्स डॉग’ (१९९२) मात्र घरात नको. थोर आहे, पण मी तो दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

टीव्हीचं थोडं. नव्या संचात हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बहुधा आधीच चालू असतं; ‘मोशन’ शब्द असलेलं काहीतरी शोधा आणि बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. संच मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरतो आणि ‘फार्गो’ दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. कोऱ्या चेहऱ्यावर चालणारा विनोद त्यात मरतोच. शोरूमवाले रंग भडक करून देतात, तोही पर्याय बदला, नाहीतर नॉर्वेचा बर्फ निळा पडेल. जुन्या सिनेमांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. तो मूळ आकार आहे, ताणून पडदा भरू नका, अ‍ॅलेक गिनेस जाडा होतो. आणि आवाज: हे लोक पुटपुटतात, मग अचानक गोळी सुटते. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून संवाद ठळक करणारा पर्याय लावा.

या शनिवारी ‘लेडीकिलर्स’च. दीड तासाचा आहे, साडेआठला लावलात तर सासूबाईंची दहाची गोळी चुकणार नाही. त्या मध्येच “अगं, ती म्हातारी बरोबर बोलतेय” असं म्हणाल्या तर पॉज करू नका, बोलू द्या.